आलेखावर टेकलेलं दिसतं म्हणून टेकतंच असं नाही

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो. मुलीला नौपाड्यातल्या क्लासमध्ये दोन कोडी मिळाली. (0,0) ते (13,5) या रेघेवर (8,3) हा बिंदू येतो का? आणि केंद्र (0,0), त्रिज्या 5 असलेल्या वर्तुळाला (7,1) आणि (−1,7) मधून जाणारी रेघ टेकते का? आलेखावर दोन्हीकडे 'हो' दिसतं. उत्तरात मात्र पहिल्याला 'नाही', दुसऱ्याला 'हो'.

उत्तरं बरोबर आहेत.

पहिल्यात दोन चढ: 5/13 आणि 3/8. तिरका गुणाकार केला की 40 आणि 39. संपलं, बिंदू रेघेवर नाही. पण तो दूर तरी किती? लंबांतर 1/√194, म्हणजे एक सेंटिमीटरच्या चौकटींवर जेमतेम 0.7 मिमी. मुलांच्या 0.7 च्या पेन्सिलीची रेघच तेवढी जाड! 8×8 चा चौरस कापून 5×13 चा आयत जोडायचा, आणि 64 चे 65 चौरस कसे झाले म्हणून डोकं खाजवायचं, ते जुनं कोडं याच फटीवर उभं आहे. जास्तीचा एक चौरस कर्णाच्या कडेने इतका पातळ पसरलेला असतो की दिसतच नाही.

दुसऱ्यात रेघ 3x+4y=25. केंद्रापासूनचं अंतर 25/5, बरोबर त्रिज्येइतकं. म्हणजे ती स्पर्शिकाच, (3,4) ला टेकणारी. मला हे कोडं जास्त फसवं वाटतं. 5 सेमी त्रिज्येच्या वर्तुळात रेघ नुसती 0.2 मिमी आत सरकली, तरी ती छेदिका (वर्तुळाला दोन ठिकाणी कापणारी रेघ) होते आणि छेदनबिंदूंमध्ये जवळजवळ 9 मिमी अंतर पडतं. स्पर्शबिंदू नेमका कुठे, हे खरी स्पर्शिका काढूनही डोळ्यांना कळत नाही.

जिओजेब्रात (आलेख काढायच्या ॲपमध्ये) मोठं करून बघा असं काहींनी सुचवलंय. जरूर बघा, पण ते एकाच बाजूने उपयोगी आहे. फट दिसली तर 'टेकत नाही' हे ठरलं. दिसली नाही, तर काहीच ठरलं नाही. अजून मोठं केल्यावर दिसेलही. 'टेकतं' म्हणायला बरोबरीच दाखवावी लागते, तीही अपूर्णांक आणि वर्गमुळं तशीच ठेवून. दशांशात उतरलात की परत पेन्सिलीची जाडी आलीच.

पुढचं कोडं मुलीला द्या: (0,0) ते (21,8) रेघ आणि बिंदू (13,5). कागद आडवा धरावा लागेल. अंतर 0.44 मिमीच्या आसपास, आणि या वेळी बिंदू रेघेच्या वर.