आधी आलेख बघा, मग कार्डाला नावं ठेवा

प्रश्न : ताई, नवीन ग्राफिक्स कार्ड बसवलं. कोपऱ्यातला आकडा ११०-१२० एफपीएसच्या (सेकंदाला इतक्या फ्रेम, म्हणजे चित्रं) खाली येत नाही, तरी गेम मध्येच गचका खातो. नव्या भागात शिरलो किंवा पहिल्यांदा मोठा स्फोट झाला की हमखास. त्याच रस्त्याने परत गेलो तर काही होत नाही. हळूहळू गचके कमी झाले होते, पण ड्रायव्हर (कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) अपडेट केला आणि पुन्हा सुरू. कार्ड बदलून मागू का?

उत्तर : मागू नका. कार्ड चांगलं आहे. तुम्ही निरीक्षण इतकं नेमकं केलंय की निम्मं निदान तुमच्याच पत्रात आहे.

आधी त्या कोपऱ्यातल्या आकड्याचं बघू, कारण या महिन्यातल्या बहुतेक पत्रांत त्याच्यावरच सगळी भिस्त दिसते. तो आकडा सरासरी सांगतो. समजा एका सेकंदात ६० फ्रेम आल्या. त्यातल्या ५९ फ्रेम प्रत्येकी १५ मिलिसेकंदांत तयार झाल्या आणि उरलेल्या एकीला ११५ मिलिसेकंद लागले. बेरीज बरोबर एक सेकंद. आकडा दिमाखात ६० दाखवणार, पण त्या एका फ्रेमसाठी चित्र जागच्या जागी थिजलेलं तुम्हाला स्पष्ट दिसणार. डोळ्याला सरासरी कळत नाही, त्याला खड्डा कळतो. म्हणून एफपीएस नव्हे, फ्रेमटाइम, म्हणजे एकेका फ्रेमला लागलेला वेळ बघायचा. एमएसआय आफ्टरबर्नर आणि त्याच्याबरोबर येणारा रिव्हाट्यूनर ही सॉफ्टवेअर टाका, त्यात ‘फ्रेमटाइम’ला ‘ग्राफ’ म्हणून खूण करा. गेम चालू असताना वर एक रेघ धावत राहील. ६० एफपीएसला ती १६.७ मिलिसेकंदांच्या आसपास आणि १४४ ला साधारण ७ च्या आसपास सपाट हवी.

रेघेचा आकार बोलका असतो. ठरावीक अंतराने एकेक सुळका येत असेल तर मागे चालणारं काहीतरी, म्हणजे आरजीबी दिव्यांचं सॉफ्टवेअर, स्क्रीन रेकॉर्डिंग, कुठला तरी ओव्हरले (गेमच्या वर तरंगणारी खिडकी). रेघ सतत करवतीसारखी दातेरी असेल तर बहुधा प्रोसेसर किंवा रॅम कमी पडतेय. आणि नवी जागा, नवा परिणाम दिसला की एकच उंच सुळका आणि दुसऱ्या खेपेला काहीच नाही, तर ते शेडर कंपाइल होणं. तुमचं हेच आहे.

पाणी, धूर, आग, धातूवरची चकाकी, या प्रत्येकासाठी गेममध्ये छोटे प्रोग्रॅम असतात, त्यांना शेडर म्हणतात. कन्सोलवर हार्डवेअर एकच, म्हणून ते तयार करूनच देता येतात. पीसीवर कार्डं शेकड्याने आणि ड्रायव्हर त्याहून जास्त, त्यामुळे अंतिम रूप तुमच्याच मशीनवर बनतं. चांगला गेम हे काम सुरुवातीच्या मेनूतच उरकतो. बाकीच्यांचा कारभार तहान लागल्यावर विहीर खणण्याचा. स्फोट झाला की मग त्याचा शेडर बनवायला घेतात, प्रोसेसर त्यात गुंततो आणि कार्ड रिकाम्या हाताने वाट बघत बसतं. एकदा बनलेला शेडर डिस्कवर साठतो, म्हणून दुसऱ्या खेपेला गचका नाही. ड्रायव्हर बदलला की जुना साठा बाद, म्हणून पुन्हा पहिले पाढे.

करायचं काय? एनव्हिडियाच्या कंट्रोल पॅनेलमध्ये ‘शेडर कॅश साइझ’ १० जीबी किंवा त्याहून जास्त ठेवा. ‘पीसी क्लीनर’ म्हणवणारी सॉफ्टवेअर काढून टाका, ती हाच साठा कचरा समजून झाडतात. मेनूत ‘शेडर तयार होत आहेत’ असं दिसलं तर घाईने ‘स्किप’ दाबू नका. आणि गेम नीट चालत असेल तर निव्वळ नवा आलाय म्हणून ड्रायव्हर टाकू नका. एवढं करूनही थोडे गचके राहतील. ते गेम बनवणाऱ्यांचं पाप, तुमच्या कार्डाचं नाही.

प्रश्न : मुलाला गेमिंग कॉम्प्युटर घेऊन दिला. तो म्हणतो, जुन्या लॅपटॉपइतकाच चालतो, २०-२५ एफपीएस. मला यातलं काही कळत नाही. आमची फसवणूक झाली का?

उत्तर : असं घाईने म्हणू नका. कॅबिनेटच्या मागे जा आणि मॉनिटरची केबल कुठे खोचलीय ते बघा. वरच्या बाजूला, माउस-कीबोर्डाच्या शेजारी असेल तर ती मदरबोर्डात आहे आणि विकत घेतलेलं कार्ड आत नुसतं बसून आहे. खाली जिथे आडव्या पट्टीत दोन-चार सारखी छिद्रं आहेत, तिथे ती लावा. बहुतेक वेळा रोगही एवढाच आणि औषधही एवढंच.

मग मुलाला दोन गोष्टी सांगा. विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये रिफ्रेश रेट (मॉनिटर सेकंदाला किती वेळा चित्र बदलतो) ६० वर अडकलाय का ते बघायचं. १४४ हर्ट्‌झचा मॉनिटर आपण होऊन १४४ वर जाईलच असं नाही. आणि झाकण उघडलंच तर रॅमच्या दोन पट्ट्या शेजारी शेजारी आहेत का तेही बघायचं. चार खाचांच्या बोर्डावर त्या सहसा प्रोसेसरकडून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत हव्यात. बायॉसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटिंगमध्ये) एक्सएमपी किंवा एक्स्पो, म्हणजे रॅम पूर्ण वेगाने चालवायची सोय, चालू नसेल तर ३२०० ची रॅम २१३३ किंवा २४०० वर रांगत असते आणि कोणी तक्रारही करत नाही, कारण बाकी सगळं चालतं.

प्रश्न : माझं कार्ड आरटीएक्स ३०७०, ८ जीबीचं. गेम पहिली २०-२५ मिनिटं मस्त, मग एकदम अडखळायला लागतो. गेम बंद करून लगेच चालू केला की पुन्हा २०-२५ मिनिटं ठीक. मित्र म्हणतात तापतंय, थर्मल पेस्ट (चिप आणि हीटसिंकमधला, उष्णता वाहून नेणारा लेप) बदल.

उत्तर : पेस्टची ट्यूब खाली ठेवा. तापण्याचा त्रास असता तर गेम लगेच पुन्हा सुरू केल्यावर बरं वाटलं नसतं. अर्ध्या मिनिटात हीटसिंक थंड होत नाही. गेम बंद केल्याबरोबर रिकामी होते ती मेमरी.

टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स, मग जीपीयू उघडा. खाली दोन आकडे दिसतील, ‘डेडिकेटेड’ आणि ‘शेअर्ड’ जीपीयू मेमरी. गेम अडखळायला लागला की ऑल्ट-टॅब करून बघा. डेडिकेटेड ८ ला टेकलेली आणि शेअर्ड वर वर चढतेय, असं असेल तर कार्डावरची जागा संपली आणि उरलेली टेक्श्चर (गेममधल्या वस्तूंवर चढवलेली चित्रं) मुख्य रॅममध्ये जाऊन बसली. तुमच्या कार्डाची स्वतःची मेमरी सेकंदाला ४४८ जीबी वेगाने वाचता येते. मुख्य रॅममधलं सगळं पीसीआयई स्लॉटमधून (कार्ड बसतं त्या खाचेतून) यावं लागतं आणि ४.० च्या पूर्ण १६ लेनला (मार्गिकांना) तो वेग जेमतेम ३२ जीबी. गचका तिथे आहे.

टेक्श्चर एक पायरी खाली आणा, फक्त टेक्श्चर. सावल्या, रिझोल्यूशन, बाकी काही हलवू नका. ‘अल्ट्रा’ आणि ‘हाय’ यांतला फरक भिंतीला नाक लावल्याशिवाय दिसत नाही, मेमरीत मात्र तो लगेच जाणवतो. मागे ब्राउझर पंचवीस टॅबसह उघडा ठेवायची सवय असेल तर तीही सोडा, तोही कार्डाची मेमरी खातो.

(आरएक्स ६५०० एक्सटी वापरणाऱ्यांसाठी जाता जाता : तुमच्या कार्डाला मेमरी ४ जीबी आणि लेन फक्त ४. बोर्ड पीसीआयई ३.० चा असेल तर तो अरुंद रस्ताही निम्मा होतो. टेक्श्चर ‘मीडियम’, आणि त्यावर हुज्जत नको.)

प्रश्न : स्क्रीनवर रंगीत चौकोन येतात. कार्ड ओव्हनमध्ये भाजलं की ठीक होतं असा व्हिडिओ पाहिला. किती तापमान ठेवू?

उत्तर : ओव्हन बंद ठेवा. प्लॅस्टिक, कपॅसिटर आणि फ्लक्सचा धूर जिथे जेवण शिजतं तिथे नको, आणि कार्ड त्यातून जगलंच तरी फार दिवस टिकत नाही. त्यापेक्षा चौकोन दिसत असताना स्क्रीनशॉट घ्या आणि फोनवर उघडा. चौकोन फोटोतही असतील तर ते कार्डाच्या आत तयार होतायत. फोटो स्वच्छ असेल तर आधी केबल बदला, मग मॉनिटर. ओव्हरक्लॉक केलं, म्हणजे कार्डाचा वेग ठरल्यापेक्षा वाढवला असेल तर काढा. विंडोज सुरू व्हायच्या आधी, बायॉसच्या पडद्यावरही चौकोन असतील तर ड्रायव्हरशी खेळण्यात अर्थ नाही. कार्डाची मेमरी किंवा चिप गेली आहे, वॉरंटीचा कागद शोधा.

प्रश्न : आरटीएक्स ३०८०. गेम ऐन भरात असताना स्क्रीन काळी होते, कार्डाचे पंखे विमानासारखे सुटतात, पण मित्रांचा आवाज हेडफोनमध्ये येत राहतो. कधी कधी चित्र परत येतं, बहुतेकदा बटण दाबून बंद करावं लागतं. विंडोज दोनदा नव्याने टाकून झालं. कार्ड मेलं का?

उत्तर : विंडोज नव्याने टाकणं हा आपल्याकडचा सर्वमान्य उतारा आहे खरा, पण इथे तो लागू पडणार नाही.

आवाज चालू राहतो, ही सगळ्यात उपयोगाची खूण. म्हणजे मशीन जिवंत आहे, फक्त कार्ड गायब झालं. संपूर्ण मशीनच फटकन बंद पडलं असतं तर पॉवर सप्लायने स्वतःला वाचवण्यासाठी वीज तोडली असं म्हटलं असतं. या पिढीची मोठी कार्डं क्षणभरासाठी ठरलेल्या वॉटच्या कितीतरी वर उसळी मारतात. २०२२ च्या एटीएक्स ३.० मानकात पॉवर सप्लायने दुप्पट भार १०० मायक्रोसेकंद सोसावा अशी अट घातली गेली, ती अशा उसळ्यांमुळेच.

इव्हेंट व्ह्यूअर उघडा, ‘सिस्टिम’मध्ये त्या वेळेची नोंद शोधा. ४१०१ क्रमांक दिसला तर त्याचा अर्थ असा : कार्डाने दोन सेकंद उत्तर दिलं नाही, म्हणून विंडोजने ड्रायव्हर पाडून पुन्हा उभा केला. कर्नल-पॉवर ४१ दिसला तर घाबरू नका, तो फक्त ‘मशीन नीट बंद झालं नाही’ एवढंच सांगतो. बटण तुम्ही दाबलंत, नोंद त्याची आहे.

आता झाकण उघडा, पण आधी मागचा स्विच बंद करा. कार्डात येणाऱ्या वायरी बघा. आठ पिनांची दोन तोंडं एकाच केबलला लोंबताना दिसली ना? तिथेच मला संशय आहे. तुमचं कार्ड ३२० वॉटचं. स्लॉटमधून जास्तीत जास्त ७५ मिळतात, उरलेले अडीचशेच्या घरात. आठ पिनांच्या एका तोंडाचं मानक १५० वॉटचं, आणि तुम्ही दोन तोंडांचा भार एकाच केबलवर टाकलाय. पॉवर सप्लायपासून दोन स्वतंत्र केबल ओढा. जुनी बाहेर काढल्यावर तिचं तोंड उजेडात धरा. एखाद्या छिद्राच्या कडेचं प्लॅस्टिक तपकिरी किंवा चुरगळल्यासारखं असेल तर ती केबल पुन्हा वापरायची नाही. नवी खोचताना अडकणीचा ‘टक्‌’ ऐकू यायला हवा. तो आला नाही तर ती बसलेली नाही, दिसायला कितीही सरळ दिसो.

एक धोक्याची सूचना, ही मात्र दोनदा वाचा. दुसऱ्या पॉवर सप्लायबरोबर आलेली केबल यात लावू नका. कार्डाकडचं तोंड सारखं असतं, सप्लायकडच्या टोकाला तारांचा क्रम कंपनीगणिक, कधी मॉडेलगणिक बदलतो. चुकीची केबल लावून क्षणात जळालेली कार्डं माझ्या टेबलावर आली आहेत आणि त्यांना वॉरंटी मिळत नाही.

केबल बदलूनही तेच झालं तर आफ्टरबर्नरमध्ये पॉवर लिमिट ७५ टक्क्यांवर आणून खेळून बघा. काळी स्क्रीन थांबली तर दोष वीज किंवा उष्णतेचा. तरीही आली तर ड्रायव्हर डीडीयूने (ड्रायव्हर पुसणाऱ्या सॉफ्टवेअरने) साफ करा : सेफ मोड, इंटरनेट तोडलेलं, नाहीतर विंडोज मधल्या वेळात स्वतःच कुठला तरी ड्रायव्हर आणून बसवतं. कार्ड उभं बसवलं असून रायझर केबल वापरत असाल तर ती काढून कार्ड थेट बोर्डात लावा. इतक्यावरही तेच राहिलं तर कार्ड दुसऱ्याच्या मशीनमध्ये घालून बघा. मेलंय की नाही ते तिथे ठरेल, त्याआधी नाही.

प्रश्न : २४ जीबीचं कार्ड आहे, तरी काही गेम सुरू होताना ‘व्हिडिओ मेमरी संपली’ म्हणून बंद पडतात. टास्क मॅनेजरमध्ये ३ जीबीसुद्धा भरलेली दिसत नाही. प्रोसेसर तेराव्या पिढीचा आय-नाइन. हल्ली मोठ्या झिप फाइली उघडतानाही मधूनच चूक दाखवतो. दुकानदार कार्ड बदलून द्यायला तयार आहे, देऊ का?

उत्तर : झिप फाइलीचं लिहिलंत ते फार बरं केलंत. झिप उघडण्यात ग्राफिक्स कार्डाचा काहीच संबंध नसतो. संदेश कार्डाकडे बोट दाखवतो, पण शेडर बनवायचं आणि फाइली सोडवायचं काम प्रोसेसरचं. त्याचा हिशोब चुकला की गेमला हाती आलेली रक्कम भलतीच दिसते आणि तो मेमरी संपल्याची बोंब मारतो.

इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीच्या डेस्कटॉप प्रोसेसरांत हा दोष होता आणि कंपनीने तो २०२४ मध्ये मान्य केला. प्रोसेसर गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागत होता आणि त्याने हळूहळू झिजत होता. त्यावर ऑगस्ट २०२४ मध्ये ०एक्स१२९ आणि सप्टेंबरमध्ये ०एक्स१२बी हे मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतल्या सूचनांचे संच) आले. ते बायॉस अपडेटमधून मिळतात.

तुमच्याच चिपला तेच झालंय का, हे ताडून बघायला बायॉसमध्ये पी-कोरचा (प्रोसेसरच्या वेगवान कोरचा) गुणक, म्हणजे वेग ठरवणारा आकडा, दोन पायऱ्या खाली आणा आणि तोच गेम चालवा. चूक गायब झाली तर संशय प्रोसेसरवर पक्का. रॅमही एकदा एक्सएमपी बंद करून तपासा, म्हणजे तिच्यावर उगाच आळ नको. मग बायॉस नवा करा, पण एक लक्षात असू द्या : मायक्रोकोड पुढची झीज रोखतो, झालेली भरून काढत नाही. चिप आधीच झिजली असेल तर ती बदलूनच घ्यावी लागेल. त्यासाठी इंटेलने या प्रोसेसरांची वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली आहे. प्रोसेसरचं बिल आणि खोक्यावरचा क्रमांक शोधून ठेवा, आणि दुकानदाराला सांगा, कार्ड आहे तिथेच राहू दे.