पायनेब या तेजोमेघांच्या वर्णपटाचं गणित करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये अणूंचा डेटा बदलला की तेजोमेघाचं तापमान बदलतं. मग खरं कोणतं मानायचं?

तुम्ही मृगातल्या मोठ्या तेजोमेघाच्या वर्णपटात ऑक्सिजनच्या 4363 आणि 5007 अँगस्ट्रॉमच्या रेषा मोजल्यात, आणि डेटाची फाइल बदलताच तापमान काहीशे केल्विननं सरकलं. तुमचा प्रोग्रॅम चुकलेला नाही. ही अनिश्चितता डेटातच आहे.

दोन इलेक्ट्रॉन गमावलेल्या ऑक्सिजनवर मोकळा इलेक्ट्रॉन आदळतो, आयन वरच्या पातळीवर चढतो आणि प्रकाश टाकून खाली येतो. 5007 ची पातळी तळापासून सुमारे 2.5 इलेक्ट्रॉन व्होल्टवर आहे, 4363 ची 5.35 वर. तिथवर पोचवायला वेगवान इलेक्ट्रॉन लागतात, म्हणून वायू जितका गरम तितकी 4363 ठळक. विरळ वायूत 10,000 केल्विनला 5007 आणि तिची जोडीदार रेषा 4959 मिळून 4363 च्या साधारण 200 पट भरतात; 8,000 ला हेच गुणोत्तर दुपटीहून जास्त होतं.

यासाठी पायनेबला दोन गोष्टी माहीत असाव्या लागतात: टक्कर किती परिणामकारक आणि आयन किती वेगानं खाली येतो. 5007 च्या पातळीवर आयन सरासरी अर्ध्या मिनिटाहून जास्त थांबतो. प्रयोगशाळेतल्या साध्या निर्वातात तेवढ्यात त्याची दुसऱ्या कशाशी तरी टक्कर होऊनच जाते. म्हणून तर 1927 साली भौतिकशास्त्रज्ञ आयरा बोवेननं उलगडा करेपर्यंत या रेषा ‘नेब्युलियम’ नावाच्या नव्या मूलद्रव्याच्या मानल्या जात. हे आकडे आजही मुख्यतः क्वांटम यांत्रिकीच्या गणितातून येतात, आणि गणित करणारे गट वेगळे की आकडे वेगळे.

टकरींसाठी मी स्वतः 2014 चे स्टोरी, सोची आणि बॅडनेल यांचे आकडे घेतो. ते आधीच्या बहुतेक गणितांशी चांगले जुळतात. 2012 चे पॅले आणि सहकाऱ्यांचे आकडेच वेगळे पडतात. तरी दोन्ही घालून बघा आणि जो फरक येईल तो त्रुटीत धरा.

पण त्याआधी स्वतःचं मोजमाप तपासा, माझ्या मते बहुतेक घोळ तिथेच असतो. 5007 आणि 4959 एकाच पातळीवरून निघतात, म्हणून त्यांचं गुणोत्तर तापमानावर अवलंबून नसतं, ते 2.98 च्या आसपास यायलाच हवं. 2.6 आलं तर कॅमेऱ्यात 5007 संपृक्त झाली (म्हणजे कॅमेऱ्याच्या मर्यादेपलीकडे प्रखर झाली) असण्याची शक्यता मोठी. शहराजवळून वर्णपट घेतला असेल तर पाऱ्याच्या दिव्यांची 4358 ची रेषा 4363 ला चिकटून बसते. पार्श्वभूमी नीट वजा झाली नसेल तर तापमान हजारानं फुगतं, आणि त्यापुढे डेटाचा फरक किरकोळच. वाटेतल्या धुळीनं मंद केलेल्या प्रकाशाची दुरुस्तीही करा: हायड्रोजनच्या अल्फा-बीटा रेषांचं मूळ गुणोत्तर 2.86 धरून.

निकाल लिहाल तेव्हा कोणत्या फाइली वापरल्या ते नावानिशी द्या. प्रत्येक आयनाच्या डेटामागचे मूळ शोधनिबंध पायनेब स्वतः छापून देतं.