कागद नसलेल्या लॅबची (लॅब्राडोर कुत्रीची) पिल्लं काढावीत का?
थेट सांगतो, नको. केनेल क्लबचे (कुत्र्यांच्या जातींची नोंद ठेवणाऱ्या संस्थेचे) वंशावळीचे कागद ही तब्येतीची हमी नव्हे, हे खरं. पण ते नसले की आजी-आजोबा कोण हे कळत नाही आणि नकळत भावंडांचीच जोडी लागू शकते.

करायचंच असेल, तर मादी दोन वर्षांची झाल्यावर खुब्यांचा एक्स-रे आणि नर-मादी दोघांचीही ब्रुसेला (जोडीतून पसरणारा जिवाणू) तपासणी करा. पहिल्याच माजावर जोडी लावणं ही नवख्यांची नेहमीची चूक. केंद्र सरकारच्या 2017 च्या श्वान-पैदास नियमांनुसार मादी किमान 18 महिन्यांची हवी, विक्रीसाठी नोंदणीही लागते.

गाभण काळ साधारण 63 दिवस. सात-आठ पिल्लं सहज होतात. आठ आठवडे ती वन-बीएचकेत कुठे ठेवणार? (सोसायटीचं तर बोलूच नका.) रात्री सिझेरियन करणारा दवाखाना आधीच हेरून ठेवा.

‘एकदा तरी पिल्लं व्हायला हवीत’ हा निव्वळ गैरसमज आहे.