फ(क्ष) म्हणजे फ गुणिले क्ष का नाही, आणि वर्गसमीकरणाला दोन उत्तरं का येतात

ताई, सतरा नंबरचा फॉर्म भरून इतक्या वर्षांनी दहावीला बसताय, याचा फार आनंद वाटला. तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात. फ(क्ष) दिसलं की गुणाकार का करायचा नाही, आणि वर्गसमीकरणाची दोन उत्तरं आली तर खरं कोणतं. लातूरला संध्याकाळचे वर्ग घेताना १८ वर्षं मी हे दोन प्रश्न ऐकतोय आणि माझ्या मते ते एकाच गोष्टीचे दोन भाग आहेत. (मराठी कीबोर्डवर लिहितोय, म्हणून एक्सच्या जागी क्ष.)

आधी कंस. ५(क्ष) मध्ये ५ ही संख्या आहे, म्हणून तिथे गुणाकार. फ ही संख्याच नाही, ते एका नियमाचं नाव आहे. कंसात जे ठेवाल त्याला तो नियम लावायचा. नववीत बहुपदीच्या धड्यात ‘पी(२) ची किंमत काढा’ असं असतं, तेही हेच. लिहायची ही रीत ऑयलर या गणितज्ञाने १७३४ मध्ये वापरली आणि पुढे ती सगळीकडे रुळली. मराठीत अशा नियमाला फल किंवा फलन म्हणतात.

आता मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात चला. सोयाबीन ४,००० रुपये क्विंटल धरा आणि टेम्पोचं भाडं खेपेला ६०० रुपये. आकडे हिशेबाला सोपे म्हणून घेतलेत. क्ष क्विंटल माल नेला तर हातात पडतील ते पैसे असे:

फ(क्ष) = ४०००क्ष − ६००

दोन क्विंटल नेले तर फ(२) = ७,४००. तीन नेले तर फ(३) = ११,४००. दोन्हींची बेरीज १८,८००. आणि पाचही क्विंटल एकाच खेपेत नेले तर? फ(५) = १९,४००. सहाशे रुपये जास्त, कारण दुसऱ्या खेपेचं भाडं वाचलं. फ हा साधा गुणक असता तर फ(२) + फ(३) आणि फ(५) सारखेच आले असते. माझ्या वर्गातल्या लेकरांना हे कितीही वेळा नुसतं सांगून पटत नाही, पण टेम्पोचे सहाशे रुपये दिसले की लगेच पटतं.

इथवर आपण क्ष देऊन उत्तर विचारत होतो. समीकरण म्हणजे हाच प्रश्न उलटा: उत्तर दिलंय, क्ष किती होता ते शोधा.

शेळ्यांसाठी कुंपण घालायचंय. एका बाजूला गोठ्याची लांब भिंत आहे, उरलेल्या तीन बाजूंना मिळून १०० फूट जाळी. भिंतीपासून निघणाऱ्या दोन्ही बाजू क्ष फूट घेतल्या, तर समोरच्या बाजूला उरते १०० − २क्ष. म्हणून जागा:

फ(क्ष) = क्ष(१०० − २क्ष)

१,२०० चौरस फूट जागा हवी. म्हणजे १००क्ष − २क्ष² = १२००. सगळं एका बाजूला घेऊन २ ने भागलं की क्ष² − ५०क्ष + ६०० = ०. यात क्ष चा वर्ग आहे, म्हणून हे वर्गसमीकरण. अवयव पाडता येतात, पण मी पूर्ण वर्ग करून दाखवतो, कारण वर्गसमीकरण सोडवायचं सूत्र त्यातूनच निघतं. ५० चे निम्मे २५, त्याचा वर्ग ६२५. दोन्ही बाजूंना २५ मिळवले की डावीकडे ६०० चे ६२५ होतात:

(क्ष − २५)² = २५

इथे जरा थांबा. कोणत्या संख्येचा वर्ग २५? ५ चा, आणि −५ चाही. दोन उत्तरं जन्माला येतात ती नेमकी याच ओळीत. क्ष = ३० किंवा २०. आता ती कुंपणावर लावून बघा: २० × ६० = १,२०० आणि ३० × ४० = १,२००. दोन्ही खरी! एक कुंपण लांबट, दुसरं जरा चौकोनी, जागा तेवढीच.

मग १,३०० मागितले तर? त्याच रीतीने (क्ष − २५)² = −२५ येतं, आणि वर्ग ऋण असूच शकत नाही. शंभर फूट जाळीत १,२५० च्या पुढे जाताच येत नाही. विवेचक (सूत्रात वर्गमुळाखाली येणारी संख्या) ऋण आला की वास्तव मुळे, म्हणजे वास्तव संख्येतली उत्तरं, नसतात, हे पाठ केलेलं वाक्य हेच सांगतं.

कधीकधी मात्र एक उत्तर टाकावं लागतं. ११५० मध्ये पूर्ण झालेल्या सिद्धांतशिरोमणी या ग्रंथातल्या बीजगणित या भागात भास्कराचार्यांचं एक उदाहरण आहे. वानरांच्या कळपाच्या पाचव्या भागातून तीन वजा करून त्याचा वर्ग केला, तितकी गुहेत गेली. एक फांदीवर दिसतंय. कळपात क्ष वानरं धरली तर समीकरण (क्ष/५ − ३)² + १ = क्ष. उत्तरं ५० आणि ५. पण ५ चा पाचवा भाग १, त्यातून ३ गेले की −२ वानरं. समीकरणाला ५ चालतं, कळपाला चालत नाही, म्हणून त्यांनी ते घेतलं नाही.

म्हणून उत्तर आलं की ते समीकरणात ठेवून बघाच, शिवाय मूळ गोष्टीतही ठेवून बघा. ऋण आलं म्हणून आंधळेपणाने खोडू नका. नुसत्या समीकरणात ऋण मूळही तितकंच खरं असतं आणि तिथे ते खोडलं तर गुण जातात.

आता हेच कुंपण ८० फूट जाळी घेऊन वहीत करा. ६०० चौरस फूट कधी मिळतात आणि दोन्ही उत्तरं चालतात का, ते कळवा. मी तपासून सांगतो.