डब्याचं सोडा, संध्याकाळी साडेपाचचं बघा

तुमचा प्रश्न असा: 'नोकरी आणि प्रवास धरून रोज बारा तास घराबाहेर असतो. डाएट तीनदा सुरू केलं, तिन्ही वेळा आठवड्यात बंद पडलं. ओट्स, किनोआ वगैरे परवडत नाही आणि आवडतही नाही. रोजच्या धावपळीत हेल्दी खायचं कसं?'

ओट्सचं राहू द्या. मला एवढंच सांगा, तिन्ही वेळा डाएट मोडलं ते किती वाजता? सकाळी आठला कुणाचं डाएट मोडत नाही. माझी पैज आहे, संध्याकाळी पाच ते नऊच्या मधेच कधीतरी मोडलं असणार.

मी डॉक्टर नाही, आहारतज्ज्ञही नाही. अकाउंट्समधला माणूस, राहायला डोंबिवली, नोकरी दादरजवळ. चार वर्षांपूर्वी ऑफिसच्या वार्षिक तपासणीत माझं एचबीए१सी ६.१ आलं. ही तपासणी साधारण मागच्या तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवते. ५.७ ते ६.४ म्हणजे तुम्ही कुंपणावर, ६.५ आणि पुढे मधुमेह. एका ठिकाणी छापील डाएट चार्ट मिळाला. त्यात सकाळी अकराला सफरचंद आणि दुपारी चारला सूप. चारला सूप! आमच्या मजल्यावर चारला पाणी प्यायला उठलं तरी साहेब मान वर करून बघतो. तो चार्ट फ्रिजवर गणपतीच्या मॅग्नेटखाली दोन महिने लटकला आणि मग रद्दीत गेला.

मग मी मला जमतं ते केलं, हिशेब लिहिला. आठ दिवस जे तोंडात जाईल ते वेळेसकट डायरीत. लाज वाटली तरी लिहायचं, एवढाच नियम. नवव्या दिवशी वाचून बघितलं तर डब्यात फारसं वावगं काही नव्हतं. तीन पोळ्या, भाजी, कधी आमटी. सगळा घोटाळा डब्याच्या नंतर होता. डबा खायचा पावणेएकला आणि रात्रीचं जेवण साडेनऊला. मधे पावणेनऊ तास. त्यात साडेपाचला चहा-बिस्किटं, साडेसहाला दादरला वडापाव, सव्वाआठला घरी आल्यावर 'जेवण होईपर्यंत' म्हणून मूठ मूठ फरसाण, आणि वर साडेनऊला पूर्ण जेवण. डायरीत आठांपैकी सहा दिवस हेच.

म्हणून मी जेवणाला हात लावला नाही, साडेपाचला एक दुसरा डबा सुरू केला. छोटा, स्टीलचा, मुलीच्या बालवाडीतला. त्यात कधी फुटाणे आणि भाजलेले दाणे, कधी मोड आलेली मटकी. मटकी सकाळी भिजवायची, रात्री उपसून फडक्यात बांधायची. उन्हाळ्यात एका दिवसात मोड येतात, थंडीत दोन लागतात. कुकरला एक शिट्टी, वर कांदा, लिंबू, मीठ, तिखट. फोडणी नाही. सोबत मिळाला तर पेरू. हे ऑफिसातच खाऊन निघायचं, गाडीत खाईन म्हणून ठेवायचं नाही. एकदा उकडलेल्या शेंगा घेऊन बदलापूर लोकलमध्ये चढलो होतो. हात हलवायला जागा नव्हती, टरफलांवरून एका काकांची बोलणी खाल्ली ती वेगळीच.

पहिल्या आठवड्यात वडापावच्या गाडीपुढून जाताना पाय थबकायचे. पण पोटात वाटीभर मटकी असली की थबकून पुढे जाता येतं, उपाशी पोटी येत नाही. फरसाणाचा डबा मी माळ्यावर टाकला. स्टूल काढायचा कंटाळा येतो, बाकी त्यात काही विशेष नाही. आता किलोने आणतच नाही, पाहुणे येणार असले की पाव किलो.

दुसरी गोष्ट चहाची. दिवसाला चार कप, प्रत्येकी दोन चमचे. चमच्यात चार-पाच ग्रॅम साखर धरली तरी बत्तीस ते चाळीस ग्रॅम झाली, आणि जागतिक आरोग्य संघटनेचं म्हणणं वरून घातलेली साखर शक्यतो पंचवीस ग्रॅमच्या आत ठेवा. एकदम बिनसाखरेचा चहा मी दोन दिवस प्यायलो आणि तिसऱ्या दिवशी सूड उगवल्यासारखी जिलबी खाल्ली. मग घरच्या चहात महिन्याला अर्धा चमचा कमी करत गेलो. टपरीवर तो मार्ग नाही, तिथे साखर पातेल्यातच उकळलेली असते. तिथे अख्खा चहा सोडून कटिंगवर आलो आणि दिवसातून एकदाच.

आता तेल. हा भाग मला सगळ्यात आवडतो, कारण इथे मोजमाप करता येतं. पाच लिटरच्या कॅनवर मार्करने उघडल्याची तारीख लिहा. आमचा कॅन चार माणसांत २६ दिवसांत संपला. म्हणजे माणशी रोज ४८ मिली, वजनात ४४ ग्रॅमच्या आसपास. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये जी आहार-मार्गदर्शिका काढली, त्यात २००० कॅलरीच्या दिवसभराच्या ताटात तेल-तूप धरलंय २७ ग्रॅम. आमचं तूप तर यात मोजलेलंच नाही! आईला हा हिशेब दाखवला तर म्हणाली, "मग भाजीला तवंग कुठून येणार? तुझी डायरी घाल फोडणीत." वाद घातला नाही. फक्त तेलाच्या भांड्यातली पळी बदलून तिथे पोह्याचा चमचा ठेवला, आणि पुऱ्या-भजी महिन्यातून दोनदा. आता तोच कॅन चाळीस दिवस जातो. भाजीची चव बदलली म्हणून आईने अजून तरी तक्रार केलेली नाही, आणि तिने केली नाही म्हणजे खरंच बदललेली नाही.

त्याच मार्गदर्शिकेच्या ताटात भाज्या ४०० ग्रॅम आणि धान्य २५० ग्रॅम आहे. आपल्याकडे हे प्रमाण नेमकं उलटं असतं, पोळ्यांच्या चळतीशेजारी चमचाभर भाजी. मी एक पोळी कमी करून भाजीची वाटी दोनदा घ्यायला लागलो. भाकरीबद्दल मात्र गैरसमज नको. ज्वारी चांगलीच, पण भाकरी म्हणजेही पीठच. 'मी फक्त भाकरी खातो' म्हणत तीन जाड भाकऱ्या खाल्ल्या तर साखरेला काही फरक कळत नाही. २०२३ हे भरडधान्य वर्ष झालं आणि दुकानात नाचणीच्या, ज्वारीच्या बिस्किटांची रांग लागली. पुडा उलटा करून वाचा. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावे लागतात. पहिली दोन नावं मैदा आणि साखर असतील तर नाचणी नावापुरती आहे.

उपवासाचं बोलायचं तर आमच्याकडे 'एकादशी, दुप्पट खाशी' शब्दशः खरं होतं. साबुदाणा म्हणजे जवळपास निव्वळ स्टार्च, त्यात खिचडीच्या दोन बशा. आता भगर आणि दाण्याची आमटी, खिचडी वाटीभर, सोबत दही.

निकाल सांगतो, फार नाट्यमय नाही. वर्षभरात चार किलो कमी झाले, एचबीए१सी ५.८. मागच्या खेपेला ५.९ होतं, पण तपासणी दिवाळीनंतर होती आणि आईच्या चकल्या होत्या. तुम्हाला आधीच मधुमेह किंवा किडनीचा त्रास असेल, गोळ्या चालू असतील तर माझं ऐकून खाण्याच्या वेळा बदलू नका, आधी डॉक्टरांना विचारा.

तेव्हा आधी आठ दिवस डायरी. तुमच्या खाण्यातलं भोक साडेपाचला नसेल, रात्री अकराला मोबाईल बघताना असेल, किंवा रविवारी सासुरवाडीला. ते सापडलं की तेवढंच बुजवा, बाकीच्या ताटाला सध्या हात लावू नका.

आणि वडापाव मी सोडलेला नाही. शुक्रवारी दादरला उतरण्याचा जिना चुकवून गाडीवर जातो, एकच घेतो, सुकी लसणाची चटणी मात्र दोनदा मागून घेतो.