कुत्रा शेपूट हलवतोय म्हणजे तो खूश आहे, असं समजायचं का?

तुम्ही लिहिलंय की गल्लीतला कुत्रा शेपूट हलवत जवळ आला, तुमच्या मुलाने त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि तो एकदम गुरगुरला. मग शेपूट हलवत कशाला होता, असा तुमचा प्रश्न. शेपूट हलतंय म्हणजे कुत्र्याच्या मनात काहीतरी खळबळ चाललीय, एवढंच. ती कसली, ते बाकीच्या अंगावरून कळतं.

मी सोलापुरात विजापूर रोडला राहतो. घरात एक कारवानी जातीचा शिकारी कुत्रा आहे, बाज्या, आणि दारात एक गावठी, तांब्या. तांब्याचं शेपूट जन्मापासून पाठीवर वळलेलं. बाज्याचं निवांत असतानाही खाली लोंबतं, टोकाला जरासा बाक. नवख्या माणसाला तांब्या माजलेला वाटतो आणि बाज्या भ्यालेला. प्रत्यक्षात दोघंही सुस्त पडलेले असतात. म्हणून कुत्रा एरवी कसा दिसतो ते आधी बघून ठेवायचं, मग त्यात काय बदललं ते बघायचं.

शेपटाबरोबर कंबरही लचकत असेल, अंग सैल असेल, तर काळजी नाही. पण शेपूट ताठ, नुसतं टोक थरथरतंय आणि वजन पुढच्या पायांवर आलंय, तर हात मागे घ्या. 2007 साली इटलीतल्या संशोधकांनी दाखवलं होतं की मालक दिसला की कुत्र्याचं शेपूट उजवीकडे जास्त झुकतं आणि अनोळखी दांडगा कुत्रा दिसला की डावीकडे. गंमत आहे, पण गल्लीत उभं राहून ते कोण मोजणार! मी तोंड बघतो.

संध्याकाळी मी ओट्यावर बसून तांब्याला भाकरीचे तुकडे टाकतो. तेव्हा त्याचा जबडा सैल असतो, जीभ एका बाजूला लोंबत असते. कोपऱ्यावर दुसरा कुत्रा दिसला की जीभ आत जाते, तोंड मिटतं आणि तो क्षणभर दगडासारखा थिजतो. गुरगुरणं त्यानंतरचं. तुमच्या मुलाच्या बाबतीतही हा क्षण येऊन गेला असणार, फक्त सगळ्यांचे डोळे शेपटाकडे होते. त्याच्याही आधी कुत्रा हळूच सांगत असतो: समोर खायला काही नसताना नाक चाटतो, झोप नसताना जांभई देतो, मान फिरवतो, डोळ्याच्या कडेला पांढरं दिसतं.

हे मला उशिरा कळलं. माझा भाचा बाज्याच्या गळ्यात पडायचा, बाज्या मान वळवून ओठ चाटायचा आणि आम्ही हसत फोटो काढायचो. एक दिवस तो गुरगुरला. मी चप्पल घेऊन त्याला बदडलं. त्यानंतर तो गुरगुरायचा थांबला आणि आम्हाला वाटलं, सुधारला. दोन महिन्यांनी त्याने आवाज न करता भाच्याच्या मनगटाला दात लावले. सांगायची सोय मीच मारून बंद केली होती की! गुरगुरणाऱ्या कुत्र्याला मारू नका, पोराला बाजूला घ्या.

धापेचंही तसंच. मे महिन्यात पारा 42-43 ला असताना कुत्रा धापा टाकतो त्यात विशेष नाही. पण जानेवारीत, गड्ड्याच्या यात्रेतलं शोभेचं दारूकाम सुरू झालं की बाज्या पलंगाखाली शिरून तशाच धापा टाकतो, कान मागे, शेपूट पोटाखाली. ते भ्यालेपण. तेव्हा ओढून बाहेर काढायचं नाही.

मुलाला एवढं शिकवा: वरून डोक्यावर हात न्यायचा नाही. अंग तिरकं ठेवून थांबायचं, कुत्र्याला आपणहून येऊ द्यायचं. आला तर छातीला तीन-चार सेकंद खाजवायचं आणि हात काढून घ्यायचा. तो आणखी जवळ सरकला तर पुढे, नाहीतर राहू द्या.

आणि त्या दिवशी हाताला साधा ओरखडा जरी आला असेल, तरी जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली 15 मिनिटं धुवा आणि मुलाला आजच दवाखान्यात न्या. रेबीजची लस कुत्र्याचा मूड बघून घ्यायची नसते.