जुनी भिंत पुढे, काचेचा टॉवर मागे

प्रश्न: आम्ही टोरांटोत डाउनटाउनला राहतो, किंग स्ट्रीट वेस्टजवळ. अकरा वर्षांपूर्वी आलो तेव्हा लाल विटांची जुनी गोडाऊनं, दोन-तीन मजली दुकानं दिसायची, आता जिकडे बघावं तिकडे काचेचे कॉन्डो, सगळे एका साच्यातले, आणि कहर म्हणजे जुन्या इमारतीची पुढची भिंत तेवढी ठेवतात नि मागे चाळीस-पन्नास मजले चढवतात. आता आमच्या गल्लीतही नव्या टॉवरच्या अर्जाचा नोटिशीचा बोर्ड लागलाय. उंच बिल्डिंगला माझा विरोध नाही, मी स्वतः कॉन्डोतच राहते, पण हे इतकं उपरं का दिसतं? त्याच्या जाहीर मीटिंगला जाऊन बोलू तरी काय?
– गिरगावची माहेरवाशीण

उत्तर: ताई, कॉन्डोत राहून हे विचारलंत ते बरं केलंत, बहुतेकांना आपली सोडून बाकीच्याच बिल्डिंगा खटकतात.

आधी एक सांगतो, तुमच्या भागातली गोडाऊनं टिकली त्याला कारण 1996 चा बदल. कारखाने बंद पडलेले, काही इमारती पाडून पार्किंग केलेलं, तेव्हा किंग-स्पॅडायनात, म्हणजे तुमच्याच भागात, शहराने वापराचे नियम सैल केले आणि लोक राहायला आले. मग बिल्डर आलेच.

साचा म्हणाल तर तो नियम नि पैसा दोन्हींतून येतो. 2013 च्या उंच इमारतींच्या मार्गदर्शक तत्त्वांत टॉवरचा मजला साधारण 750 चौरस मीटरपर्यंत ठेवा, दोन टॉवरमध्ये 25 मीटर सोडा असं आहे, म्हणून खाली रुंद पोडियम, म्हणजे बसका पायाचा भाग, आणि वर बारीक टॉवर. काच स्वस्तातली, स्लॅबच्या वर ठेवून वरच्या स्लॅबखाली अडकवायची, बसवायचं काम आतूनच होतं, परांची नको. म्हणून तर दर मजल्याला स्लॅबची पट्टी दिसते, एकदा लक्षात आलं की दिसतच राहते.

भिंतीचं म्हणाल तर योंग आणि सेंट जोसेफच्या कोपऱ्यावर जाऊन या. तिथे जुनी भिंत लोखंडी सांगाड्याने धरून ठेवली आणि मागे 48 मजले उभे केले. मला ते अगदीच वाईट वाटत नाही, चालताना रस्ता ओळखीचा राहतो. वाईट कुठे वाटतं, तर जुन्या खिडकीच्या मधोमध नवी स्लॅब आडवी गेलेली दिसते तिथे.

आणि नव्या पोडियमला वीट लावली असेल तर जवळ जाऊन बघा हां. जुन्या घराची खिडकी भिंतीत चांगली चार बोटं आत असते, तिथे सावली पडते. नवीनमध्ये वीट नि काच एका पातळीत, आणि कधी कधी विटांच्या मधून सरळ उभी रबरासारखी रेघ गेलेली असते, म्हणजे बहुधा ती रचलेली भिंत नाहीच, कारखान्यातून आलेला पॅनल आहे. उपरेपणा तुम्हाला जाणवतो तो असल्या गोष्टींमुळे, आणि त्याहून जास्त दारांमुळे. जुन्या रस्त्यावर पाच-सहा मीटरला एक दुकान, एक दार, नवीनमध्ये सगळ्या लांबीत एक बँक, एक लॉबी नि सोफा, बस. वर 48 मजले आहेत की 20, चालणाऱ्याला फारसं कळत नाही, खालचे दहा मीटर मात्र रोज डोळ्यासमोर असतात.

म्हणून मीटिंगला काचेच्या रंगावर वाद घालू नका. 2022 च्या कायदाबदलाने ओंटारियोत साइट प्लॅनच्या, म्हणजे प्लॉटवरच्या आराखड्याच्या, मंजुरीतून बाहेरच्या डिझाइनवरचा शहराचा ताबा बराचसा काढून घेतलाय, तिथे तुमचा वेळ फुकट जाईल. प्लॉटवरची इमारत हेरिटेज म्हणून संरक्षित असेल तर गोष्ट वेगळी, तेव्हा किती राखताय, नुसती भिंत की आतले दोन-तीन मीटर तरी, हे नक्की विचारा. एरवी शहराच्या वेबसाइटवर अर्जाची ड्रॉइंग्ज असतात, त्यातलं तळमजल्याचं पान प्रिंट काढून न्या आणि रस्त्याकडे किती दारं उघडणार, दुकानं किती रुंद, गाड्यांचा रॅम्प मागच्या गल्लीत का नाही, एवढंच धरून बसा. बोर्डावरचा अर्ज क्रमांक मात्र लिहून ठेवा, वेबसाइटवर शोधायला सोपं जातं.